मिटलेल्या ओठांची स्तुती

‘स्तुती’ हा शब्द आपल्या भाषेत फारसा प्रतिष्ठित राहिलेला नाही. एखाद्याची फार स्तुती होऊ लागली की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो असा की, यांचे काहीतरी काम अडलेले असावे. ‘स्तुतिपाठक’ म्हटले की दरबारातले भाट किंवा पुढाऱ्याच्या मोटारीमागे धावणारे कार्यकर्ते डोळ्यांपुढे उभे राहतात. तीस वर्षे मी शाळेत मराठी शिकविले. अलंकार शिकविताना ‘व्याजस्तुती’पाशी आले की मुले हमखास हसत, वरून स्तुती आणि आतून निंदा हा प्रकार त्यांच्या चांगलाच परिचयाचा असे. अशा या काहीशा बदनाम शब्दाला आपण ख्रिस्ती माणसांनी मात्र प्रार्थनेच्या फार उंच पायरीवर नेऊन बसविले आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा पायाच मुळी स्तुतीवर उभा आहे. १५७९ साली गोव्याच्या भूमीवर उतरलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून निघाले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा तो ग्रंथ साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांसाठी लिहिलेला. ग्रंथाच्या आरंभी नमन असावे ही आपल्याकडील पुराणांची रीत त्या परदेशी धर्मगुरूने मोडली नाही. आधी देवाला वंदन, त्याच्या थोरवीचे वर्णन, आणि मग कथेला हात. रविवारी आणि सणावारी हे पुराण देवळात वाचले जाई. म्हणजे ज्यांनी नुकताच बाप्तिस्मा घेतला होता, त्यांच्या कानांवर मागण्यांच्या यादीआधी देवाचे गुणगान पडत होते.

पुढे आपण ‘उपकारस्तुती’ असा एक जोडशब्द रूढ केला. शब्द गोड आहे, तोंडात बसलेला आहे. जेवणाच्या टेबलापासून परीक्षेच्या निकालापर्यंत आपण तो वापरतो. पण या शब्दाने दोन निराळ्या गोष्टी एका दाव्याला बांधल्या आहेत, असे मला नेहमी वाटत आले आहे. उपकार झाले म्हणून स्तुती, असा अर्थ नकळत मनात रुजतो. मग उपकार दिसेनासे झाले की त्या स्तुतीचे काय करायचे?

१९९२ साली जाहीर झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाने या दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. त्याच्या चौथ्या भागात प्रार्थनेचे पाच प्रकार सांगितले आहेत: आराधना, विनंती, इतरांसाठी मध्यस्थी, आभार आणि स्तुती. स्तुतीवर खर्च केलेले परिच्छेद जेमतेम पाच. २६३९ पासून २६४३ पर्यंत. पण त्यांचे सार फार मोठे आहे. देवाने काय दिले, काय केले, याच्या पलीकडे जाऊन तो आहे, केवळ एवढ्यासाठी त्याचे गौरव करणे म्हणजे स्तुती. मी माझ्या विद्यार्थ्यांना व्याकरणाच्या भाषेत सांगत असे, आभाराला ‘कशाबद्दल’ हा प्रश्न विचारावाच लागतो. स्तुतीला फक्त ‘कोणाची’ एवढाच प्रश्न पुरतो.

हे वर्गात सांगणे सोपे होते.

मी मूळची वसईची. १९८६ साली लग्नानंतर पतींच्या नोकरीनिमित्त नंदुरबारला आले. तेव्हा नंदुरबार हे धुळे जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. आमचा नाशिक धर्मप्रांतही मी आल्यानंतर, १९८७ साली, पुणे धर्मप्रांतातून वेगळा निघाला. वसईच्या देवळातील व्हायोलिन, बँड आणि चार सुरांतले गायकवृंद यांत वाढलेल्या मुलीला इकडची उपासना पहिल्यांदा फार उघडीवाघडी वाटली. इथे ढोल होता, आणि भिली बोलीतली गाणी होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात त्या त्या लोकांच्या भाषेला आणि संगीताला दार उघडले, ते वाक्य मी वसईत वाचले होते. त्याचा आवाज कसा असतो तो इथे ऐकला. आणखी एक गोष्ट इथलीच. नंदुरबार मिरचीचे गाव. नोव्हेंबर उजाडला की शहराबाहेरच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडते. वारा फिरला की तिचा खकाणा देवळात शिरतो आणि आगमनकाळातले स्तोत्र शिंकांच्या साथीने म्हणावे लागते. आमचे एक फादर म्हणत, प्रभूच्या आगमनाची चाहूल नंदुरबारात प्रथम नाकाला लागते.

मी इकडे रमत होते त्याच काळात माझ्या माहेरी स्तुतीचे एक मोठे वारे वाहत होते. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठातील काही विद्यार्थी फेब्रुवारी १९६७ मध्ये तपोसाधनेला बसले असता जी करिझ्मॅटिक चळवळ सुरू झाली, ती १९७२ साली मुंबईत पोचली. १९९० च्या दशकात तर वसईतील कितीतरी कुटुंबे केरळातील पोट्ट्याला जाऊन आली. माझा भाऊही गेला. आयुष्यात मिस्सेला कधी तोंड न उघडलेला तो माणूस हात वर करून मोठ्याने ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणू लागला आणि संध्याकाळच्या बाटलीपासून दूर झाला. त्यामुळे या चळवळीची चेष्टा करणाऱ्यांत मी कधीच नव्हते. आपली प्रार्थना फार वर्षे कुजबुजीत आणि मागणीत अडकून पडली होती, तिला या लोकांनी आवाज दिला, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

पण याच वाऱ्याबरोबर एक विचारही आला, आणि त्याच्याशी माझे जमले नाही. मर्लिन करोथर्स या अमेरिकन सैन्यातील एका पाळकाचे ‘प्रिझन टू प्रेज’ हे छोटे पुस्तक १९७० साली निघाले आणि प्रार्थनागटांतून सगळीकडे फिरले. प्रत्येक गोष्टीबद्दल, संकटाबद्दलसुद्धा, देवाची स्तुती करा. तुम्ही स्तुती केली की देवाचे सामर्थ्य मोकळे होते, असा त्याचा साधारण सूर. ते वाचून धीर आलेली माणसे मला ठाऊक आहेत. तरी पुस्तक मिटवताना मला वाटले की इथे स्तुतीचीसुद्धा किल्ली केली आहे. किल्ली फिरवली की कुलूप उघडते. मग ती स्तुती कुठे राहिली? ती फिरून मागणीच झाली, थोडी अधिक हुशार.

२०११ च्या पावसाळ्यात माझे पती गेले. चार महिने आजार, त्यातला शेवटचा महिना फार वाईट. महिनाभराने एका प्रार्थनासभेला मैत्रीण मला घेऊन गेली. तिथे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितले, “बाई, या मृत्यूबद्दल प्रभूची स्तुती करा. मोठ्याने करा. तुमचे अश्रू आपोआप थांबतील.” गृहस्थ मनाने वाईट नव्हते. मी गप्प राहिले. त्यांनी पुन्हा सांगितले. मी पर्स उचलली आणि घरी आले. त्यानंतर त्या सभेला मी गेले नाही, आणि त्याचे मला आजही वाईट वाटत नाही.

वाईट वाटले ते दुसऱ्या गोष्टीचे. स्तुतीचा शब्दच काही काळ माझ्यासाठी कडू झाला. मिस्सेत गौरवगीत सुरू झाले की मी ओळी म्हणत असे, पण ते अंगवळणी पडलेले म्हणणे होते. तेव्हा मी बायबल घेऊन बसले. शिक्षिकेची सवय, दुसरे काय. दुःखात असलेल्या माणसांनी तिथे नेमके काय केले आहे ते पाहावे म्हणून.

ईयोब प्रथम दिसतो. मुलेबाळे, गुरेढोरे सारे गेल्यावर तो पहिल्याच अध्यायात देवाच्या नावाला धन्य म्हणतो, आणि प्रवचनांत आपण बहुधा तिथेच थांबतो. पण पुढचे पस्तीसेक अध्याय त्याचे गाऱ्हाणे आणि मित्रांशी झालेला वाद यांनी भरलेले आहेत. मित्र देवाची बाजू घेतात, पोक्त बोलतात, शास्त्रार्थ सांगतात. आणि अखेर देव निवाडा देतो तो असा की, तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाने बेचाळिसावा अध्याय वाचून मगच घराची पायरी चढावी, असे मला पुष्कळदा वाटते.

मग स्तोत्रसंहिता. या ग्रंथाचे हिब्रू नाव ‘तेहिल्लीम’, म्हणजे ‘स्तुतिगीते’. पण आत उघडून पाहिले तर दीडशे स्तोत्रांतला केवढा मोठा भाग विलापाचा आहे! ‘किती काळ?’, ‘का?’, ‘कुठे आहेस?’ हे प्रश्न पानोपानी. बहुतेक विलाप शेवटाकडे वळण घेतात आणि स्तुतीला येऊन मिळतात. बाविसावे स्तोत्र तसे आहे. क्रुसावर प्रभू येशूच्या ओठांवर त्याचीच पहिली ओळ आली. अठ्ठ्याऐंशीवे मात्र वळतच नाही. त्याला शेवटपर्यंत उजेड नाही. मूळ हिब्रूत त्याचा अखेरचा शब्दच ‘अंधार’ हा आहे. तरीही ज्यांनी हा संग्रह सिद्ध केला त्यांनी ते बाहेर काढले नाही. ‘स्तुतिगीते’ या नावाखालीच ते राहू दिले. आपल्या ख्रिस्तसभेने तर ते दर शुक्रवारच्या निजण्यापूर्वीच्या प्रार्थनेत नेमून दिले आहे. जगातले किती धर्मगुरू आणि व्रतस्थ भगिनी दर शुक्रवारी रात्री, स्वतःला काही दुःख असो वा नसो, कोणा अनोळखी माणसाचा तो अंधार आपल्या तोंडाने म्हणून मग दिवा मालवतात. हे मला कळले तेव्हा मी त्या शुक्रवारी एकटीच ते स्तोत्र मोठ्याने वाचले. देवाकडे तोंड करून म्हटलेला अंधारही स्तुतीच्या पुस्तकात जमा धरला जातो, एवढे मला त्या काळात पुरले.

आपल्या मातीतल्या भक्तांनाही हे ठाऊक होते. विठ्ठलाशी भांडणारे, त्याला खडे बोल सुनावणारे आणि तरीही त्याच्याच दारात उभे राहणारे तुकोबा आपण शाळेत शिकलो. त्यांच्या ईश्वरानुभूतीवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविणारे आपले महागुरूस्वामी थॉमस डाबरे हे आधी वसई आणि मग पुणे धर्मप्रांताचे बिशप होते, याचा एक वसईकर म्हणून मला अभिमान आहे. भांडण हा नात्याचा पुरावा असतो. परक्याशी माणूस भांडत नाही, त्याची खुशामत करतो.

संत पौलाचे काय, असे कोणी विचारील. थेस्सलनीकाकरांना तो सर्व स्थितीत आभार माना असे सांगतो. एफिसकरांस पत्रात तर सर्व गोष्टींबद्दल आभार माना असे म्हणतो. दोन्ही वचने आहेत आणि दुसरे मला सोपे जात नाही. पण हा पौल फिलिप्पैच्या तुरुंगात फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना, मध्यरात्री सीलासह स्तोत्रे गात होता. त्याने स्वतःच्या पाठीवरच्या वळांसकट ते गाइले. शेजारच्या कोठडीतल्या कैद्याला ‘तू का गात नाहीस?’ असे विचारल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत कुठे नमूद नाही. कैदी ऐकत होते, एवढेच म्हटले आहे.

तीच गोष्ट असिसीच्या संत फ्रान्सिसची. त्यांच्या सूर्यगीताला २०२५ साली आठशे वर्षे झाली. ज्या सृष्टिगीताचे शब्द घेऊन पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली आपल्या परिपत्राला नाव दिले, ते गीत रचले गेले तेव्हा संत जवळजवळ आंधळे झाले होते. सान दामियानोजवळ एका झोपडीत ते पडून होते. उजेड डोळ्यांना सोसत नव्हता आणि रात्री उंदीर अंगावरून धावत. अशा माणसाने सूर्याच्या, चंद्राच्या, वाऱ्याच्या, पाण्याच्या द्वारे देवाची स्तुती केली! पण बारकाईने पाहिले तर डोळ्यांच्या रोगाबद्दल त्यात एक अक्षर नाही. आजार शांतपणे सोसणाऱ्यांना ते धन्य म्हणतात, आजाराला नव्हे. मृत्यूला बहीण म्हणणारे कडवे त्यांनी १२२६ च्या ३ ऑक्टोबरला देह ठेवण्यापूर्वी जोडले. ते कडवे फार मोठे आहे, पण ते त्यांनी स्वतःच्या मरणाविषयी रचले. दुसऱ्याच्या उशाशी उभे राहून ‘मरण तुझी बहीण आहे’ असे सांगणे वेगळे.

हे सारे वाचन मला माझ्यापुरते उपयोगी पडले. त्याची खरी कसोटी पुढे लागली, आणि ती माझ्या दुःखाने लागली नाही.

नंदुरबारहून कोरीटकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला एक वस्ती आहे. तिथला एक मुलगा आमच्या शाळेत होता. हुशार नव्हता, पण अक्षर मोत्यासारखे, आणि ढोल असा वाजवी की मिस्सा संपली तरी लोक उठत नसत. त्याला सिकलसेल होता. आमच्या जिल्ह्यातल्या आदिवासी घरांना या आजाराची ओळख करून द्यावी लागत नाही. आई आणि बाप दोघांकडून तो दोष रक्तात उतरला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि सांधे, छाती, पोट यांत असह्य वेदना उठतात. दिवाळीनंतर वस्तीतली निम्मी घरे मुकादमाची उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जात. नाताळच्या मिस्सेला त्यामुळे आमचे अर्धे बाक रिकामेच असतात. पण या मुलाची आई कित्येक वर्षे गेली नाही. पोराला दवाखान्याजवळ ठेवावे म्हणून ती मागे राहून मिरचीच्या पथारीवर देठ खुडण्याचे काम करी. दिवसभर मिरची हाताळलेल्या बोटांची आग रात्रभर जात नाही. त्याच बोटांनी ती त्याचे दुखणारे पाय चोळायची कशी, हा तिला पडलेला रोजचा प्रश्न होता. ती ताकाने हात धुऊन, फडके गुंडाळून चोळी.

जानेवारी २०२३ मध्ये तो गेला. सतरा वर्षांचा होता. त्याच वर्षी १ जुलैला सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान मध्य प्रदेशात शहडोलला जाहीर झाले. ती बातमी मी वर्तमानपत्रात वाचली आणि पान घडी करून ठेवले.

अंत्यविधीच्या मिस्सेत शुभवर्तमानापूर्वी हालेलूया गाइला गेला. हालेलूया म्हणजे ‘याहवेची स्तुती करा’. व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ च्या नव्या विधीपासून, आपण अंत्यविधीतही तो गातो. माझ्या आजीच्या काळी काळी वस्त्रे असत आणि हा शब्द त्या दिवशी देवळात उच्चारला जात नसे. बदल योग्यच आहे, पुनरुत्थानावर आपला विश्वास आहे. पण त्या दिवशी वस्तीतल्या बायकांच्या रांगेत ती आई ओठ मिटून उभी होती, आणि पुढच्या रविवारीही तशीच. गौरवगीत सुरू झाले की ती खाली बसे. ढोल दुसरा कोणी मुलगा वाजवी. तिकडे ती बघत नसे. मिस्सेला मात्र एकदाही चुकली नाही.

दोनतीन महिन्यांनी कुणीतरी फादरांकडे तक्रार केली की, तिचे हे बसणे बरे दिसत नाही, देवावर रुसल्यासारखे वाटते. फादर म्हणाले, “ती येते ना? मग गाण्याचे आपण बघू. तिच्या वाटचे आपण म्हणू.” मला वाटते, धर्मशिक्षणग्रंथातल्या त्या पाच परिच्छेदांवर मी ऐकलेले हे सर्वांत चांगले भाष्य. स्तुती एकट्याच्या गळ्यावर सोपवलेली नाही. ज्याचा गळा दाटला आहे त्याच्या वाटचे शेजारच्याने गायचे असते, आणि त्याने कधीतरी आपल्या वाटचे गाइलेले असते. म्हणून तर रोज सकाळी ‘माझी मनःस्थिती काय आहे’ हे न विचारता ख्रिस्तसभा तेच स्तोत्र हातात देते.

मी एकदा पथारीवर तिला भेटले. गाण्याविषयी मी काही विचारले नव्हते, तीच म्हणाली, “खोटं कशाला म्हणू, बाई?” आणि पुन्हा देठ खुडू लागली.

त्या दिवाळीनंतर घरी थांबण्याचे कारण उरले नव्हते. तीही नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली.

सातपुड्यात आणि आमच्या पट्ट्यात होळी हाच वर्षाचा मोठा सण. कितीही दूर गेलेला मजूर होळीला घरी येतो. आपला उपवासकाळ आणि होळी दरवर्षी एकमेकांत अडकतात, कारण दोन्ही पौर्णिमेशी बांधलेले. इकडे देवळात गौरवगीत आणि हालेलूया बाजूला ठेवलेले, जांभळी वस्त्रे, आणि तिकडे रात्ररात्र ढोल. नवीन आलेल्या धर्मगुरूंची पहिल्या वर्षी मोठी पंचाईत होते. २०२४ साली तर गंमतच झाली. २४ मार्चला झावळ्यांचा रविवार आणि त्याच संध्याकाळी होळी. सगळी वस्ती गावात. देऊळ भरून अंगणात माणसे.

सकाळी मिरवणुकीआधी आम्ही बायका आवारात बसून शिंदीच्या झावळ्या वेगळ्या करीत होतो. ती माझ्या शेजारी येऊन बसली. उन्हाने काळवंडली होती, हातांवर उसाच्या पात्याचे ओरखडे. आतून मुलांचा गाण्याचा सराव ऐकू येत होता. ती म्हणाली, “बाई, हे होसान्ना होसान्ना म्हणतात, त्याचा अर्थ काय?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी तिला सांगितले की, हा शब्द एकशे अठराव्या स्तोत्रातला. त्याचा मूळ अर्थ ‘वाचव, आम्हाला वाचव.’ लोक तो इतका आणि इतक्या मोठ्याने म्हणू लागले की हळूहळू तो जयजयकाराचा शब्द झाला. यरुशलेमच्या वेशीवर प्रभूसाठी तोच घोष झाला.

“म्हणजे हे मागणं आहे?”

“मुळात मागणंच.”

ती थोडा वेळ झावळीची पाती सोलत राहिली. मग म्हणाली, “वाचवला तर नाही.”

मी काहीच बोलले नाही. बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते, आणि त्या प्रार्थनासभेतल्या गृहस्थांची आठवण मला अशा वेळी नेहमी उपयोगी पडते. ढोलवाल्या मुलाने ढोल तापवायला उन्हात ठेवला होता. तिने त्याच्याकडे बघितले आणि म्हणाली, “हे म्हणेन मी. हे खोटं नाही.”

मिरवणुकीत ती माझ्या पुढे चार माणसे सोडून होती. ढोल वाजू लागला, होसान्ना सुरू झाले, तेव्हा तिचे ओठ हलताना मी पाहिले. आवाज त्या गलक्यात ऐकू येणे शक्यच नव्हते. मिस्सेत पुन्हा एकदा तो शब्द आला, ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ या गीतात. गौरवगीत उपवासकाळात थांबते, हालेलूया थांबतो, पण हे गीत कुठल्याच मिस्सेत वगळले जात नाही, अंत्यविधीच्या मिस्सेतही नाही. यशयाने मंदिरात ऐकलेले देवदूतांचे गान आणि यरुशलेमच्या रस्त्यावरच्या लोकांची ‘वाचव’ ही हाक त्यात पाठोपाठ येतात. दर रविवारी म्हणत आले होते. हे दोन तुकडे शेजारी का ठेवले असावेत याचा विचार त्या सकाळी प्रथम मनात आला. प्रभूनेही शेवटच्या भोजनानंतर स्तोत्र गाइले आणि मग तो जैतुनाच्या डोंगराकडे निघाला, असे मत्तय आणि मार्क सांगतात. वल्हांडणाच्या रात्री एकशे तेरा ते एकशे अठरा ही स्तोत्रे गाण्याची यहुदी लोकांची चाल आहे. ‘वाचव’ हा शब्द त्या रात्री त्याच्याही तोंडी असणार. आणि त्यालाही त्या रात्री वाचविले गेले नाही.

पुढच्या रविवारी, ३१ मार्चला, पुनरुत्थानाचा सण झाला. चाळीस दिवसांनी हालेलूया परतला. माझे लक्ष तिच्याकडे गेले, नाही म्हटले तरी गेलेच. ती उभी होती, खाली बसली नाही. ओठ मिटलेले होते. तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका गात होत्या.

२०२५ च्या मार्चमध्ये राखेच्या बुधवारासाठी गेल्या वर्षीच्या वाळलेल्या झावळ्या घरोघरून गोळा करायचे काम माझ्याकडे आले. त्या जाळून कपाळाला लावायची राख होते. कोरीट रस्त्यावरच्या त्या वस्तीवर मी गेले तेव्हा होळीला अजून आठवडा होता आणि घरात म्हातारी सासू तेवढी होती. तिने कुडाच्या भिंतीवर क्रुसामागे हात घालून पाहिले. झावळी तिथे नव्हती. “तिकडे घेऊन गेली ती,” म्हातारी म्हणाली, “उसाच्या फडावर. झोपडीला बांधली असेल.”